काठी, चेंडू आणि गल



आमच्या आजच्या व्याख्यानाची पाटी वाचून एका स्नेह्यांनी आम्हांला भर रस्त्यात गाठले. म्हणाले, "गोल्फवर बोलणार म्हणे! आयुष्यात कधी ती काठी हातात धरली आहे का?" आम्ही प्रांजळपणे सांगितले, की नाही. "मग कोणत्या अधिकारावर बोलणार?" आम्ही उत्तर दिले, "विटीदांडूच्या अधिकारावर." स्नेही हसून निघून गेले. परंतु आम्ही थट्टा केलेली नव्हती, आणि ते का, हेच आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

गोल्फ म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मैलभर पसरलेली हिरवीगार हिरवळ, पांढरी टोपी घातलेले सुखवस्तू गृहस्थ, मागून काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा एक पोरगा, आणि या सर्वांभोवती एक उंच कुंपण. आपण बहुतेक जण त्या कुंपणाच्या बाहेरून जाणारे. म्हणून गोल्फ हा आपला विषय नव्हे, अशी आपली समजूत. पण क्षणभर ती हिरवळ, ती टोपी, ती पिशवी आणि ते कुंपण बाजूला काढा. उरते काय? एक काठी, एक चेंडू आणि जमिनीतली एक गल. चेंडू काठीने मारीत न्यायचा, गलीत घालायचा आणि किती टोले लागले ते मोजायचे. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. ज्या मंडळींनी लहानपणी अंगणात गल खणून गोट्या खेळल्या, वकट-लेंड म्हणत विटीचे अंतर मोजले, त्यांना या खेळाचा गाभा समजावून सांगण्याची गरज नाही.

मुळात हा खेळ स्कॉटलंडमधला, समुद्रकाठच्या वाळवटी कुरणांवरचा. लोक त्याच्या इतके नादी लागले, की 1457 साली तिथल्या संसदेने फूटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण तरुण धनुर्विद्येचा सराव सोडून काठ्या घेऊन फिरू लागले होते. पुढे 1502 साली तिथला राजा चौथा जेम्स यानेच काठ्या विकत घेतल्या, तेव्हा बंदी आपोआप निकालात निघाली. 1744 साली लीथ येथे तेरा लेखी नियम झाले. आज नियमांचा ग्रंथ झाला आहे. परंतु त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले, चेंडू जिथे पडेल तिथूनच मारायचा. दुसरे, आपले टोले आपणच प्रामाणिकपणे मोजायचे.

या दुसऱ्या नियमाचे एक उदाहरण ऐका. 1925 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत बॉबी जोन्स हा थोर खेळाडू खेळत होता. गवतात टोला घेण्याच्या तयारीत असता त्याचा चेंडू किंचित हलला. ते दुसऱ्या कोणीही पाहिले नव्हते. जोन्सने स्वतः पंचांना सांगून आपल्या नावावर एक दंडाचा टोला लिहून घेतला. शेवटी त्याची आणि विली मॅकफार्लेन याची बरोबरी झाली, आणि फेरलढतीत जोन्स अवघ्या एका टोल्याने हरला. लोक त्याच्या प्रामाणिकपणाची स्तुती करू लागले तेव्हा, बँकेवर दरोडा घातला नाही म्हणून माणसाची स्तुती करता काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. हा खेळ मोठा आहे तो येथे. त्याची हिरवळ ही शोभा आहे. स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणे हा त्याचा प्राण आहे.

आता हा प्राण कुंपणाबाहेर कसा गेला आणि त्याने किती चमत्कारिक देह धारण केले, हे पाहू. येथे गंमत अशी आहे, की गोल्फचे बहुतेक विचित्र अवतार, ज्यांना मोठे मैदान मिळाले नाही अशांनीच जन्माला घातले.

प्रथम सेंट अँड्र्यूज येथेच चला. गोल्फची ही पंढरी. एकोणिसाव्या शतकात येथे स्त्रियांनी पुरुषांप्रमाणे खेळणे शिष्टसंमत नव्हते. काठी खांद्याच्या वर उचलून जोराचा टोला मारणे हे कुलीन स्त्रीला शोभत नाही, असा त्या वेळच्या शिष्टांचा निवाडा होता. काठ्या वाहणारी जी पोरे असत, त्यांना कॅडी म्हणतात. त्यांनी स्वतःसाठी एक छोटेसे मैदान केले होते, आणि काही हौशी स्त्रिया तिथे जाऊन खेळू लागल्या. घरच्या मंडळींना हे रुचेना. शेवटी 1867 साली स्त्रियांसाठी निराळी उंचसखल जागा देण्यात आली आणि त्यांचा स्वतंत्र क्लब निघाला. लांब टोला नाही, केवळ जमिनीवरून चेंडू हळुवार लोटीत गलीत घालायचा. त्या जागेच्या चढउतारांवरून तिचे नाव पडले 'हिमालय'! आमच्या नगाधिराजाचे नाव स्कॉटलंडमधल्या एका पटांगणाला मिळाले, आणि तेही कुंपणाबाहेर ठेवलेल्या स्त्रियांच्या खेळामुळे. ते मैदान आजही आहे आणि थोडेसे शुल्क भरून कोणीही पोरेसोरे तिथे खेळू शकतात. जगभर पसरलेल्या छोट्या गोल्फची ही एक आद्य गंगोत्री म्हणावयास हरकत नाही. तिच्या उगमाशी स्त्रिया आणि कॅडी आहेत, हे ध्यानात ठेवा. व्याख्यानाच्या शेवटी आपल्याला पुन्हा तिथे यावयाचे आहे.

दुसरा अवतार आपल्या मुंबईत जन्मलेल्या एका गृहस्थाचा. रड्यार्ड किपलिंग 1865 साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तिथल्या कलाशाळेत शिक्षक होते. साम्राज्याविषयीची त्याची मते आपल्याला पटणारी नाहीत, पण तो वाद आज नको. 1892 ते 1896 या काळात तो अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात राहत होता. तिथे हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. पांढऱ्या बर्फात पांढरा चेंडू हरवणारच. किपलिंगने चेंडू लाल रंगात रंगविले, गलीच्या जागी बर्फात पत्र्याचे डबे पुरले आणि एका धर्मोपदेशकाला जोडीला घेऊन खेळ सुरू केला. टणक झालेल्या बर्फावरून चेंडू घसरू लागला, की तो कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसे. निसर्गाने मैदान काढून घेतले, तर माणसाने चेंडूचा रंग बदलला. एवढाच फरक.

तिसऱ्या अवताराची कथा जरा निराळी आहे, कारण तीत पैसा शिरला. पहिल्या महायुद्धानंतर फेअरबर्न नावाच्या एका कापूस-मळेवाल्याने सरकीची टरफले, तेल आणि हिरवा रंग यांच्या मिश्रणातून हिरवळीसारखा पृष्ठभाग तयार केला. सरकीची पेंड आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिच्या टरफलांची हिरवळ मात्र त्याच्या स्वप्नातही आली नसेल. पुढे अमेरिकेतील लुकआउट पर्वतावर गार्नेट कार्टर याने आपल्या हॉटेलाच्या आवारात 1927 च्या सुमारास असे एक बुटके मैदान केले. त्याची पत्नी फ्रीडा हिला परीकथांची आवड. तिने जागोजाग बुटके, यक्ष आणि पोकळ ओंडके मांडले. अंगठ्याएवढ्या मुलाच्या कथेवरून त्याचे नाव ठेवले 'टॉम थंब गोल्फ'. कार्टरने ती युक्ती विकावयास काढली, आणि बघता बघता देशाला वेड लागले. 1930 साली अमेरिकेत अशी मैदाने पंचवीस हजारांच्या घरात होती, असा त्या वेळचा अंदाज आहे. न्यूयॉर्कमध्ये घरांच्या गच्च्यांवर लोक रात्री दिव्यांच्या उजेडात चेंडू लोटीत. 1929 च्या मंदीने नोकऱ्या गेलेल्या, खिसे रिकामे झालेले. पण चार नाणी टाकली, की कारकुनालाही तासभर लखपतीचा खेळ खेळता येई. चित्रपटगृहांनाही धास्ती पडली. आणि मग, आले तसे ते वेड ओसरूनही गेले.

हे वेड टिकले का नाही? आमच्या मते यक्ष आणि पवनचक्क्या वाढत गेल्या आणि खेळ कमी होत गेला. नेमका हाच विचार 1954 साली डॉन क्लेटन याने केला. उत्तर कॅरोलिनातील फेएटव्हिल गावी त्याने मैदान काढले, त्यात फिरती सोंगे आणि पवनचक्क्या मुळीच ठेवल्या नाहीत. प्रत्येक गल नीट नेम धरला तर दोन टोल्यांत जिंकता आली पाहिजे, असा त्याचा दंडक. नशिबाऐवजी कसब. तिकडे युरोपात स्वित्झर्लंडच्या पॉल बोंग्नी याने त्याच सुमारास ठरावीक मापाच्या पट्ट्यांचे मैदान आखले आणि तिथे तर छोट्या गोल्फच्या रीतसर आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो त्यालाही शिस्त लागली, की तो विद्या होतो.

आता जरा गंभीर प्रसंगाकडे वळू. 1940 साली लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत होती. लंडनजवळच्या रिचमंड येथील गोल्फ क्लबच्या आवारातही बाँब पडले. क्लबने काय करावे? खेळ बंद न करता त्यांनी तात्पुरते नियम छापले. गोळीबार चालू असता खेळाडूने आडोसा घेतल्यास दंड नाही. न फुटलेल्या बाँबच्या जागा लाल निशाणांनी दाखविल्या जातील. शत्रूच्या कृत्याने चेंडू हरवला वा फुटला, तर दंडाविना दुसरा घ्यावा. परंतु टोला मारतेवेळी बाँबच्या स्फोटाने दचकून नेम चुकला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारता येईल, मात्र एका टोल्याचा दंड भरून! श्रोतेहो, आपण हसलात. आम्हीही हसलो होतो. पण विचार करा. मस्तकावर मृत्यू घिरट्या घालीत असता ही माणसे आपल्या मनाशी म्हणत होती, की चेंडू शत्रूने नेला तर तो आमचा दोष नव्हे. पण आमचा हात कापला, तर तो टोला आमच्याच नावावर मांडा. हिटलरच्या नावावर तो ढकलता येणार नाही.

याच युद्धातला दुसरा प्रसंग जर्मनांच्या छावणीतला. सागान येथील युद्धकैद्यांच्या तळावर, ज्याला 'स्टालाग लुफ्ट तीन' म्हणत, दोस्तांचे वैमानिक कैदेत होते. कोणाच्या तरी हाती गोल्फची एक जुनी काठी आली. चेंडू कुठून आणायचा? जुन्या बुटांचे रबर कापून पट्ट्या केल्या, त्या एकमेकींवर गुंडाळल्या आणि वरून चामडे शिवले. बराकींच्या मधल्या रेताड जागेत, काटेरी तारांच्या आत, त्यांनी गली खणल्या आणि नियमित खेळ चालू केला. याच छावणीतून 1944 च्या मार्चमध्ये 76 कैदी भुयारातून निसटले. त्यांपैकी 50 जणांना पकडून ठार मारण्यात आले. अशा जागी ते चेंडू शिवले जात होते. ज्याचे सर्वस्व हिरावले आहे त्याच्याजवळही एक गोष्ट उरते: आपला हिशेब आपण ठेवण्याची. खेळाने त्यांना तेवढे माणूसपण राखून दिले, असे आम्हांला वाटते.

याहून विचित्र जागाही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पीडी नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून ओपल नावाची मौल्यवान रत्ने काढतात. उन्हाळा इतका कडक, की पुष्कळ लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. त्यांच्या गोल्फ-मैदानावर गवताचे पाते नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर घेऊन हिंडतो आणि चेंडू त्यावर ठेवून मारतो. उन्हातून सुटका हवी तर रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळतात. कॅलिफोर्नियात एड हेड्रिक याने काठी आणि चेंडू दोन्ही काढून टाकले; हवेत भिरकावण्याची थाळी घेऊन 1975 साली एका सार्वजनिक बागेत त्याने कायमचे मैदान उभे केले. 2002 साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा थाळ्यांत मिसळून त्या थाळ्या करण्यात आल्या. आणि 6 फेब्रुवारी 1971 या दिवशी तर अपोलो 14 चा प्रमुख अॅलन शेपर्ड याने दगडमाती गोळा करण्याच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे डोके बसवून चंद्रावर दोन चेंडू मारले. अंगातला पोषाख इतका ताठ, की एकाच हाताने मारावे लागले. दुसरा चेंडू मैलोन्‌मैल गेला, असे तो तेव्हा गमतीने म्हणाला. पुढे 2021 साली जुन्या छायाचित्रांवरून मोजमाप झाले तेव्हा पहिला चेंडू सुमारे 24 यार्ड व दुसरा 40 यार्ड गेल्याचे आढळले. चंद्रावरही, सज्जनहो, टोल्याचा हिशेब शेवटी चुकत नाही!

आता आपल्या घराकडे वळू. कोलकात्याचा रॉयल क्लब 1829 सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबई प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब चेंबूरला 1927 साली निघाला. साहेबाच्या मागे पिशवी उचलणारे हात मात्र आरंभापासून आपल्याच माणसांचे. हे केवळ आपल्याकडेच घडले असे समजू नका. अमेरिकेत चेंडू ठेवण्याच्या लाकडी खुंटीचे पेटंट 1899 साली डॉ. जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने मिळविले; आणि त्याच देशातील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या घटनेत, केवळ गोऱ्यांनाच सभासद करून घेण्याचे कलम 1961 पर्यंत नांदत होते. खुंटी घ्यावयाची आणि खुंटीवाल्याच्या बांधवाला दारात उभे करावयाचे, असा हा न्याय.

चेंबूरच्या झोपडवस्तीत राहणारी काही तरुण मुले त्या क्लबात कॅडीचे काम करीत. दिवसभर दुसऱ्यांच्या काठ्या वाहायच्या, दुसऱ्यांचे चेंडू शोधायचे, टोला कसा बसतो ते पाहायचे. ही मुले घरी आल्यावर काय करू लागली? लोखंडी सळई घेतली, टोकाला वाकविली, झाली काठी. प्लॅस्टिकचा हलका चेंडू घेतला. आणि वस्तीतल्या अरुंद बोळांतून, गटारांच्या कडेने, पत्र्याच्या भिंतींमधून त्यांनी आपले गोल्फ सुरू केले. परदेशांतून छायाचित्रकार येऊन त्या खेळाची चित्रे घेऊन गेले. मोठ्या मैदानावर जोराचा टोला ही मर्दुमकी. येथे जोराचा टोला म्हणजे शेजारणीचे भांडे. येथे हवे कसब, नेम आणि संयम. आणि चेंडू गटाराच्या कडेला पडला तर? जिथे पडेल तिथूनच मारायचा! तेरा नियमांचे सार त्या पोरांनी क्लबाच्या सभासदांइतकेच पुरते ओळखले होते.

सिनेमावाल्यांनाही या विसंगतीची गोडी फार जुनी. चार्ली चॅप्लिनने 1921 सालीच आपला भटक्या गोल्फच्या मैदानावर नेऊन सोडला होता. 1996 साली अमेरिकेत 'हॅपी गिलमोर' नावाचा बोलपट निघाला. त्यात बर्फावरच्या हॉकीत अपयशी ठरलेला एक रांगडा तरुण गोल्फमध्ये शिरून शिष्टांची त्रेधा उडवितो. त्याचाच हिंदी अवतार 2016 सालचा 'फ्रीकी अली'. त्यात नवाजुद्दीन सिद्दिकी हा मुंबईच्या वस्तीतला, रस्त्यावर चड्ड्या विकणारा माणूस होऊन थेट हिरवळीवर उतरतो. प्रेक्षक हसले. परंतु ही केवळ पडद्यावरची कल्पना आहे, असे समजण्याचे कारण नाही. अली शेर हा दिल्लीच्या क्लबातला कॅडी. 1991 साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला, आणि 1993 साली त्याने ती पुन्हा जिंकली. कोलकात्याच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया याने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. कथा मागे राहिली, वस्तुस्थिती पुढे गेली.

यावर एखादा चिकित्सक म्हणेल, "तुमचे हे बोळातले, बर्फातले, गच्चीवरचे खेळ गमतीचे आहेत, पण त्यांना गोल्फ म्हणावे काय?" आमचा उलट प्रश्न असा, की हिरवळ आहे, टोपी आहे, पिशवी आहे, परंतु झुडपामागे चेंडू पायाने हळूच पुढे सरकविणारा गृहस्थ आहे, त्याच्या खेळाला काय म्हणावे? आमच्या मते सागानचा कैदी, 'हिमालया'वरची स्त्री आणि चेंबूरचा पोरगा हे त्या गृहस्थाहून खऱ्या गोल्फच्या कितीतरी जवळ आहेत.

दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. अठरा गलींच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते, पाणीही पुष्कळ लागते. ज्या शहरात मुलांना विटी उडवावयाला जागा नाही, तिथे मूठभरांसाठी एवढी जमीन का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही झाकू इच्छीत नाही. ही मैदाने आहेत म्हणून शहराला थोडी झाडी आणि मोकळी हवा उरली, हेही खरे; ती मोडली तर त्या जागी मुलांची क्रीडांगणे येतील की उंच इमारती, हे आपण सर्व जाणतो. म्हणून मैदान मोडा, असे आम्ही म्हणणार नाही. कुंपणाला दार ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे. सेंट अँड्र्यूजला 'हिमालया'चे दार लहान मुलालाही उघडे आहे. मग येथे, ज्या पोरांनी पिशव्या वाहिल्या त्यांना आठवड्यातला एक दिवस तरी आपल्या नावाने टोला मारता यावा, यात अशक्य ते काय? आणि नगरपालिकांच्या बागांत एखादे छोटे उंचसखल पटांगण, चार गली आणि चार काठ्या ठेवावयाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

आम्ही आरंभी विटीदांडूच्या अधिकारावर बोलतो, असे म्हटले होते. तो अधिकार आपणां सर्वांचा आहे. आपल्या अंगणात गल होती, दांडू होता, आणि विटी कोणी झेलली की नाही यावरून भांडणेही होती. त्या भांडणांत एखादा मुलगा असा असे, की जो स्वतःहून म्हणे, "नाही, मी बाद आहे." त्याचे नाव कुठल्याही ग्रंथात आलेले नाही, पण त्याच्यात आणि बॉबी जोन्समध्ये काही अंतर होते, असे आम्हांला वाटत नाही. त्या मुलाला खेळावयाला जागा मिळावी, आणि जागा मिळाल्यावर त्याने तसाच हिशेब ठेवावा, इतकी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.